कूमनं निवडलेलं कार्ड

बाशाइद, ४ सप्टेंबर २०२३

प्रिय कूम रातोमीर,

परवा तू फोन केलास. मी उचलला, हॅलो म्हटलं, आणि पुढे तू जे काय पाचेक मिनिटं बोललास त्यातलं मला नुसतं घूं घूं ऐकू आलं. तेव्हा फोनचा नाद सोड. कान गेले ते गेले. पत्र लिहीत जा आणि बसच्या बोश्कोकडे दे. तो सकाळी झ्रेन्यानिनहून निघतो नि दुपारी इथं पोचतो. टपालापेक्षा बोश्को बरा, फक्त वाटेत वाचतो.

काम असं आहे. मी नि नेवेना दर रविवारी दुपारी चार वाजता ट्रक चालवतो, हे तुला ठाऊक आहे. खरा नव्हे, त्याचं लायसन कानांपायी डॉक्टरांनी काढून घेतलं. संगणकावरचा. ती तिकडे डेन्मार्कात बसते, मी इथं, आणि दोघांचे ट्रक एकामागं एक त्याच रस्त्यानं जातात. चालवता चालवता टाइप करून बोलतो. गावात लोक हसतात, म्हातारा पोरखेळ करतो म्हणतात. हसू देत. पण तुला सांगतो, चार वर्षांपूर्वी तिनं फोन केला होता, त्या मॉर्टेनबरोबर राहायला जाते असं काहीतरी सांगत होती. मला निम्मं ऐकू येईना, आणि ऐकू येत नाही हे पोरीला सांगायची लाज वाटली, म्हणून मी रिसीव्हर ठेवून दिला. तिला वाटलं बापानं तोंडावर फोन आपटला. दोन वर्षं बोलणं बंद. मग तिनंच हा खेळ पाठवला, नुसता, चिठ्ठी नाही काही नाही. तेव्हापासून रविवार आहे.

आता खेळात नवा मुलूख आलाय, डोंगर, बोगदे, पाऊस. माझ्या संगणकातलं चित्रं उमटवणारं जुनं कार्ड त्यात बसकण मारतं. तिचा ट्रक वळणापलीकडे जातो आणि माझा भिंतीवरच्या चित्रागत उभा. ती रस्त्याकडेला थांबते, लिहिते, "येताय ना बाबा?" किती रविवार थांबेल?

तर मला कार्ड हवंय. सगळ्यात भारी नको, मधलं. कोणतं ते तू ठरव. माझ्या लग्नात तू माझ्यामागं उभा राहिलास, नेवेनाला बाप्तिस्म्याच्या वेळी तू हातांवर धरलंस, म्हणून तू आमचा कूम. वर देव, खाली कूम, असं आपल्यात म्हणतात ते काय उगाच? दुकानातल्या पोरांवर माझा विश्वास नाही.

तुझा,
झिवान


झ्रेन्यानिन, ८ सप्टेंबर

झिवान, बहिऱ्या,

शहाणा आहेस, बरोबर माणसाला विचारलंस. बावीस वर्षं मी या शहरातले संगणक उघडतोय. न्यायाधीशांपासून बेकरीवाल्यापर्यंत कुणाला कोणतं कार्ड लागेल ते मी तोंडाकडे बघून सांगतो.

ऐक, म्हणजे वाच. मधलं कार्ड निवडणं हेच अवघड असतं. भारी घ्यायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. आणि स्वस्तातलं घ्यायला दोन्ही लागत नाही. मधल्यात माणूस फसतो. पहिली गोष्ट मेमरी. आठ जीबीवर भागतं असं दुकानदार सांगतील, पण तुझ्या त्या नव्या डोंगरांना वर्षभरात आठ पुरणार नाही. बारा हवी. दुसरी, तुझ्या संगणकाच्या डब्यातल्या पॉवर सप्लायवर एक चिठ्ठी असते, किती वॅटचा ते बघून कळव. नाहीतर नवं कार्ड घालायचास आणि बैलगाडीला विमानाचं इंजिन जोडल्यासारखं व्हायचं. तिसरी, टेप घेऊन आत किती जागा आहे ते मोज. अर्ध्या शहराची कार्डं मी परत करून दिलीत, का तर झाकण लागेना. आणि हिरवी कंपनी चांगली की लाल, यावरून पोरं लग्नातल्या वऱ्हाडागत भांडतात, तू त्यात पडू नकोस. तुझ्या ट्रकला दोन्ही सारख्याच.

आता मुख्य. जाहिरातीतलं वापरलेलं कार्ड मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. लोकांनी इंटरनेटवरची नाणी पाडायला वर्ष-दोन वर्षं गोठ्यात, तळघरात कार्डं रात्रंदिवस जुंपली. त्या धंद्याचं दिवाळं वाजलं, आता ती धुऊनपुसून विकतात. काही हरामखोर तर मेलेलं कार्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजतात. आतला डाख मऊ होऊन तुटकं जुळतं, महिनाभर कार्ड धावतं, मग कायमचं बसतं. तोवर विकणारा पसार. असल्यांचं तोंड बघू नये.

तू काही करू नकोस. नोवी सादला माझा एक माणूस आहे, त्याच्याकडे बारा मेमरीचं झकास कार्ड आहे, एकाच मालकानं वापरलेलं. ते तुझं झालंच समज.

रातोमीर


बाशाइद, १३ सप्टेंबर

कूम,

पॉवर सप्लाय साडेपाचशे वॅटचा. जागा एकतीस सेंटिमीटर, दोनदा मोजली. बोश्कोबरोबर पाकीट पाठवलंय, आणि गावातल्या स्वेतोझारनं केलेला एक कूलेन, सॉसेज तिखट आहे, देसांकावहिनीला जपून दे. पाकिटात कमी पडलं तर कळव.

तू "झकास" म्हणालास म्हणजे मी डोळे मिटून घेतो. नेवेनाला सांगितलं, कूम कार्ड निवडतोय. तिनं लिहिलं, "मग झालंच काम." माझं जुनं कार्ड शेजारच्या शाळेला देऊन टाकलं.

झिवान


झ्रेन्यानिन, २७ सप्टेंबर

झिवान,

उशीर झाला, पण वस्तू बघशील तर खूश होशील. कार्ड किकिंदाच्या एका दाताच्या डॉक्टरचं आहे. गृहस्थ रविवारी तासभर खेळायचा, बाकी आठवडाभर लोकांच्या दाढा काढायचा. नव्यासारखंच आहे.

दोन सूचना. एकावेळी दोन तासांपेक्षा जास्त खेळू नकोस, मध्ये गार होऊ दे. आणि डब्याचं झाकण काढूनच ठेव, हवा लागते. तसं काही कारण नाही, आपली एक सवय.

कूलेन संपला. देसांकाचा निरोप, स्वेतोझारला हात जोडून नमस्कार.

रातोमीर


बाशाइद, ९ ऑक्टोबर

कूम, माझ्या राजा,

काय कार्ड दिलंस रे! पावसात रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे उमटतात. बोगद्यातून बाहेर आलो तर डोळे दिपले, मी खरोखर हात आडवा धरला. काल नेवेनाबरोबर डोंगर ओलांडून साडेसहाशे किलोमीटर गेलो, एकदाही अडकलो नाही. ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही पुढे चला, मी मागून येते." लहानपणी माझ्या केबिनमध्ये बसून ती हॉर्न वाजवायची, ते तिला आठवतं म्हणे. मला वाटलं होतं विसरली.

दोन तास झाले की मी कार्ड गार करतो, तू सांगितल्याप्रमाणे. तेवढ्या वेळात आम्ही दोघं आपापल्या घरी कॉफी करतो. तिच्या मनात काहीतरी घोळतंय. दोनदा लिहू लागली आणि पुसलं. "सांगेन सावकाशीनं" म्हणाली. मी विचारलं नाही. आपल्या घाईनं पूर्वी एकदा सगळं बिनसलंय.

तुझे उपकार मी फेडू शकत नाही.

झिवान


बाशाइद, ६ नोव्हेंबर

रातोमीर,

कसं सांगू कळत नाही. मी तुझं कार्ड घालवलं.

काल दुपारची गोष्ट. आम्ही घाटात होतो. नेवेनानं ट्रक कडेला घेतला, मीही घेतला. तिनं लिहिलं, "बाबा, एक सांगायचंय, रागावू नका, मी" आणि पडद्यावर हिरवे चौकोन आले, मग काळोख. पुन्हा लावलं, नाही. आता ते काढून ठेवलंय, नुसता साधा पडदा दिसतो, खेळ चालत नाही. "मी"च्या पुढे काय लिहिलं ते मला माहीत नाही.

मी तिला निरोप पाठवला, कार्ड बिघडलं म्हणून. तिनं रात्री उशिरा उत्तर दिलं, "बरं बाबा." एवढंच. तिला वाटलं असणार मी मुद्दाम बंद केलं. पुन्हा विचारलं काय सांगत होतीस, तर म्हणाली काही नाही.

आता माझा गुन्हा. शनिवारी मी डब्यातली धूळ व्हॅक्युम क्लीनरनं ओढली. नळी कार्डाला लागली असणार. एवढी जपून दिलेली वस्तू माझ्या येडेपणानं गेली. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

झिवान


झ्रेन्यानिन, ८ नोव्हेंबर (पाठवलं नाही)

झिवान,

व्हॅक्युम क्लीनरचा काही संबंध नाही. तुझा तर नाहीच नाही.

नोवी सादच्या माणसानं ते कार्ड दुसऱ्याला देऊन टाकलं. मला नुसतं कळवायचं होतं, "मिळालं नाही." दोन शब्द. बावीस वर्षांत ते मी कुणाला म्हटलेले नाहीत, आणि तुला म्हणायला जीभ रेटेना. तू नेवेनाला सांगून बसला होतास, तिचं ते "मग झालंच काम" माझ्या डोक्यात बसलं होतं. दुकानात एक मेलेलं कार्ड पडलेलं होतं, बारा मेमरीचं, दोन वर्षं नाणी पाडून दमलेलं. ते मी देसांकाच्या ओव्हनमध्ये, तिच्या पोगाचा पाव भाजायच्या पत्र्यावर ठेवून दोनशे अंशांवर आठ मिनिटं भाजलं. वास सुटला. ती विचारत होती काय जळतंय, मी म्हटलं प्लास्टिकची पिशवी. तो पत्रा तिनं फेकून दिला, अजून मला बोलते.

कार्ड चालू झालं तेव्हा मला खरंच वाटलं, टिकेल. नाही, हेही खोटं. वाटलं होतं तुला कळायच्या आत दुसरं मिळेल. मग रोज उद्यावर ढकललं. ज्या माणसाचं तोंड बघू नये म्हणून मी तुला लिहिलं होतं, तो


झ्रेन्यानिन, ९ नोव्हेंबर

झिवान,

व्हॅक्युम क्लीनर? अरे माणसा, त्याच्या नळीत वीज साठते, त्यानं कार्ड जातंच. कुणी सांगितलं होतं तुला? असो. झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नकोस, चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं. मी दुसरं काही बघतो.

नेवेनाचं म्हणशील तर पोरी अशाच असतात. येईल ती.

रातोमीर


ऑरहूस, १२ नोव्हेंबर

कूम,

तुम्ही कसे आहात, देसांकाकाकू कशा आहेत? मी मेलमधून लिहितेय, कारण एक गोष्ट फक्त तुम्हालाच विचारता येईल. बाबा म्हणतात कार्ड एकदम बंद पडलं. तुम्ही दिलेलं कार्ड असं अचानक मरू शकतं का? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. त्या क्षणी मी बाबांना एक महत्त्वाचं सांगत होते, आणि त्याच क्षणी ते गेले. पूर्वी एकदा असंच झालं होतं.

नेवेना


झ्रेन्यानिन, १२ नोव्हेंबर

लाडक्या पोरी,

माझ्या हातून गेलेलं कार्ड असं मरत नसतं. बावीस वर्षांत एकही परत आलेलं नाही, शहरात कुणालाही विचार. एक तर तुझ्या बाबांनी काहीतरी उचकपाचक केली असेल, किंवा वायर सैल असेल. कार्डात दोष नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बाकी ठीक. थंडी पडलीय, गळ्याला रुमाल बांध.

तुझा कूम


ऑरहूस, १३ नोव्हेंबर

कूम,

खरं सांगितलंत, आभारी आहे. मग वायर सैल असेल तर बाबांना ती घट्ट करायला मिनिट लागत नाही, आयुष्यभर इंजिनं उघडलीत त्यांनी. म्हणजे त्यांनी बंद केलं.

मी लिहिलं होतं, "मी आई होणारेय." एप्रिलमध्ये. लग्न अजून केलेलं नाही, आणि मॉर्टेनला आधीच्या बायकोची एक मुलगी आहे. बाबांना पचणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच चार रविवार घोकत होते. फोन आपटला तेव्हा निदान आवाज तरी आला होता.

त्यांना काही बोलू नका. मला पुन्हा त्यांच्या दारात उभं राहायचं नाहीये.

नेवेना


झ्रेन्यानिन, २८ नोव्हेंबर

झिवान,

वीसेक दिवस पत्र नाही, माफ कर. पाठ धरली होती. पण आनंदाची बातमी ऐक. त्या कार्डाची हमी अजून बाकी होती, मी भांडून बदलून घेतलं. सोबत पाठवलंय ते कोरं करकरीत आहे, डब्यावरचं सील तू स्वतः तोड. बारा मेमरी, एकोणतीस सेंटिमीटर, तुझ्या डब्यात आरामात बसतं. झाकण लावलंस तरी चालेल. कितीही तास खेळ.

आता रविवारी चार वाजता बस आणि नेवेनाला कळव. सगळं पहिल्यासारखं होईल.

रातोमीर


बाशाइद, ११ डिसेंबर

कूम,

कार्ड बसवलं. पहिल्यापेक्षा चांगलं आहे, आवाजही करत नाही म्हणे, मला काय कळणार. माझ्या चुकीपायी तुला लोकांशी भांडावं लागलं, याचं वाईट वाटतं.

नेवेनाला कळवलं. गेल्या रविवारी चारला बसलो, ती आली नाही. काल बसलो. आली नाही. मी एकटाच घाटात त्या जागी गेलो, ट्रक कडेला घेतला, आणि पाच वाजेपर्यंत थांबलो. पाऊस पडताना फार सुरेख दिसतो. इतकं स्पष्ट कशाला दिसावं असं वाटलं.

मी तिला लिहिलं, कूमनं नवं कार्ड दिलंय, ये. तिनं उत्तर दिलं, "बाबा, जुन्यात काही बिघाड नव्हता. मी कूमला विचारलंय."

तू तिला काय सांगितलंस, रातोमीर? माझ्या नजरचुकीनं गेलं ना ते? मग तसं तिला का नाही सांगितलंस? मी तिच्याशी कधी खोटं बोललेलो नाही. एकदा ऐकू येत नाही हे लपवलं तेवढंच. आणि आता पोरीच्या लेखी मी खोटारडा ठरलोय, तेही तुझ्या शब्दावर. तुझा शब्द म्हणजे तिला देवाचा वाटतो.

झिवान


झ्रेन्यानिन, १२ डिसेंबर

झिवान, नेवेना,

हे पत्र दोघांना एकच आहे. एकाला एक नि दुसऱ्याला दुसरं असं लिहायची मला सवय लागलीय, ती मोडायची आहे. झिवानला बोश्कोच्या हाती, नेवेनाला मेलनं, दोन्हीतला शब्द न् शब्द एक आहे. मिळवून बघा.

सप्टेंबरात मी झिवानला जे कार्ड दिलं ते मेलेलं होतं. मी ते घरच्या ओव्हनमध्ये भाजून जिवंत केलं होतं. असं कार्ड महिनाभर चालतं आणि बसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दाताचा डॉक्टर कुणी नाही. झिवाननं पाठवलेलं पाकीट मी ठेवून घेतलं. दोन तासांची अट, झाकण उघडं ठेवायची सूचना, सगळं त्याचं मरण लांबवायला होतं.

कार्ड गेलं तेव्हा झिवाननं माझी माफी मागितली. मी ती घेतली. कान धरायचे होते माझे, आणि मी त्याला "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून समजूत घातली. लिहिताना आत्तासुद्धा कान तापलेत.

नेवेना, तू मला खरं विचारलंस. मी छातीवर हात ठेवून खोटं सांगितलं. कार्डात दोष नाही म्हणालो, का तर माझ्या दुकानाला डाग लागू नये. तुझ्या दुसऱ्या पत्रातून मला कळलं की त्या खोट्यानं काय झालं, आणि तरी मी पंधरा दिवस गप्प बसलो. मग नवं कार्ड विकत घेऊन हमीत बदलून मिळालं म्हणून पाठवलं. वाटलं वस्तू दिली की सुटलो.

तुझ्या बाबांनी काही बंद केलं नाही. "मी"च्या पुढचा शब्द त्यांना दिसलाच नाही. काल त्यांनी मला पत्र लिहिलं तेव्हाही तो त्यांना माहीत नव्हता, आणि तो सांगायचा हक्क माझा नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. आणि चार वर्षांपूर्वीचा तो फोन त्यांनी आपटला नव्हता. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि तुला सांगायची लाज वाटली. झिवान, हे मी फोडलं म्हणून रागाव, पण हे एवढंच मी खरं फोडतोय.

देसांकाला आज सगळं सांगितलं. ती जेवायला बसली नाही.

कूम म्हणून सही करत नाही.

रातोमीर


बाशाइद, १८ डिसेंबर

रातोमीर,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग गोठ्यात गेलो आणि बराच वेळ तिथंच बसलो.

काल चारला नेवेना आली. घाटात, त्याच जागी. तिनं लिहिलं, मी वाचलं, मग मी रडलो, ते तिला दिसत नव्हतं म्हणून तिनं तीनदा विचारलं, "बाबा, आहात ना?" मी लिहिलं, आहे. मॉर्टेनच्या पोरीचं नाव काय ते विचारलं. कानांचंही मी स्वतः सांगितलं, सगळं. ती म्हणाली, "चार वर्षं बाबा, एवढ्याशासाठी?"

तुझ्याबद्दल सांगतो. तू मेलेलं कार्ड दिलंस, ते मी गिळीन. उद्या तू म्हणालास चुकलो, तर मी म्हणेन बस, कॉफी घे. पण मी माझ्या चुकीची माफी मागत होतो आणि तू ऐकून घेत होतास. पोरगी बापाला खोटारडा समजत होती आणि तुला ठाऊक होतं. ते गिळवत नाही. आज नाही गिळवत. पुढचं माहीत नाही.

नवं कार्ड मी ठेवून घेतो. परत पाठवलं तर रविवार बुडेल.

थोडे दिवस लिहू नकोस.

झिवान


ऑरहूस, ६ मे २०२४

कूम रातोमीर,

एप्रिलच्या एकोणीस तारखेला मुलगी झाली. दोघी ठीक आहोत. जूनमध्ये आम्ही बाशाइदला येऊ, बाप्तिस्मा तिथल्याच चर्चमध्ये करायचा असं बाबांचं म्हणणं आहे.

तुमच्या कूमपणाचं काय करायचं, ते बाबांनी मला विचारलं. तुमचं घर तीन पिढ्या आमचं कूम आहे, ते मोडायचं झालं तर तुम्ही स्वतःहून सोडायला हवं, नाहीतर पाप लागतं, असं ते म्हणतात. पापाचं मला माहीत नाही. पण तुम्ही सोडावं असं मलाही वाटत नाही. लहानपणी मला पोहायला तुम्हीच शिकवलंत, बाबा ट्रक घेऊन रस्त्यावर असायचे. तेव्हा तुम्ही या. तिला हातांवर तुम्हीच घ्या.

फक्त एक. आपल्यात बाळाचं नाव कूम ठेवतो, आईबापालाही ते चर्चमध्येच पहिल्यांदा ऐकू येतं. माझं नाव तुम्ही तसंच ठेवलं होतं, आणि आई सांगायची की ते ऐकून तिला फार आनंद झाला होता. या वेळी नाव आम्ही ठेवलंय. तुमच्यावर राग धरून नाही. पण मी खूप प्रयत्न केला आणि मला जमत नाही. माझ्या मुलीला आयुष्यभर लोक ज्या शब्दानं हाक मारणार, तो तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावा असं मन घेत नाही. तुमच्या शब्दावर मी एकदा बाबांना टाकलं होतं.

नाव अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. तुम्हालाही तिथंच कळेल.

नेवेना


झ्रेन्यानिन, ९ मे

नेवेना,

तुझं पत्र देसांकानं मला वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता असं मी तिला सांगितलं. चष्मा खिशात होता. बघ, अजूनही सुटत नाही.

येतो. आधी मनात आलं, जाऊच नये, कूमपण सोडून देतो म्हणून कळवावं. ते सोपं होतं. लाजेला पाठ दाखवून घरी बसायला काय लागतं, मी नोव्हेंबरभर तेच केलं.

नाव मी मनात धरलं होतं, ते सांगत नाही. तुमचं जे असेल ते चांगलंच असेल. बाळाला हातांवर घेईन. आणि पाद्री माझ्याकडे वळून विचारतील, "कूम, बाळाचं नाव काय?" तेव्हा सगळ्या गावादेखत मी गप्प राहीन आणि तू सांगेपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघत उभा राहीन.

रातोमीर